त्या रात्री तुझं बरोबर होतं. आता जुन्या नोंदी मागव

पत्र:

ताई, मी ३३ वर्षांची, मूळची साताऱ्याची, सध्या इंग्लंडमध्ये रेडिंगजवळ राहते. दुसऱ्यांदा दिवस गेलेत, ३१ वा आठवडा चालू आहे. पहिली मुलगी २०२१ साली इथल्याच हॉस्पिटलमध्ये झाली. त्या रात्री मी जीव तोडून सांगत होते की खाली जोर येतोय, बाळ येतंय. मिडवाइफ (इथली प्रशिक्षित सुईण) म्हणाली, आत्ता चारच सेंटिमीटर आहे, जरा झोप काढ. नवऱ्याला घरी पाठवलं होतं. पाऊण तासात मुलगी झाली, तो पोचायच्या आत. नंतर रक्त जरा जास्त गेलं, इंजेक्शन दिलं, सलाइन लावलं. रक्त चढवावं लागलं नाही. आता मला घरीच बाळंत व्हायचंय. मन ठामपणे सांगतंय की सगळं नीट होईल. पण २८ व्या आठवड्यात हिमोग्लोबिन ९८, म्हणजे आपल्याकडचं ९.८ आलं, तेव्हापासून मिडवाइफ कचरतेय. लोहाच्या गोळ्यांनी पोट साफ होईना म्हणून मी त्या सोडल्यात. आई फोनवर रडते. तिची थोरली बहीण गावी बाळंतपणात गेली होती. नवरा म्हणतो, ३६ व्या आठवड्यात बघू. इथल्या एका ग्रुपवरच्या बायका म्हणतात, टीमने नाही म्हटलं तर मिडवाइफशिवायही होतं, शरीराला सगळं कळतं. मी मनाचं ऐकू की नको?

उत्तर:

आधी त्या रात्रीबद्दल बोलू, कारण तुझ्या पत्रातला सगळा जोर तिथून आलाय. त्या रात्री तुझं बरोबर होतं. पिशवीचं तोंड चार सेंटिमीटर उघडलंय हे तपासलं त्या घटकेपुरतं खरं असतं. पुढे चार तास लागतील की चाळीस मिनिटं, हे त्यावरून कुणालाच सांगता येत नाही. मी इंग्लंडमध्ये बरीच वर्षं मिडवाइफ म्हणून काम केलं. कळा देणाऱ्या बाईचा आवाज बदलला की शेजारच्या खोलीतही कळतं: कण्हणं खोल होतं, घशातून येऊ लागतं, मध्येच श्वास अडतो आणि बाई नकळत खाली जोर करते. असा आवाज ऐकून कुणी झोप काढायला सांगू नये. तुझ्याकडे कुणी नीट पाहिलंच नाही, वर नवराही जवळ नव्हता. त्याचा राग अजून उतरला नसेल तर तो रास्त आहे.

पण त्या रात्री तुला जे कळलं आणि आज जे वाटतंय, ते मला एकाच जातीचं वाटत नाही. तेव्हा बाळाचं डोकं खाली सरकत होतं, त्याचा दाब तुला जाणवत होता. अंगाने दिलेली ती पक्की खबर होती. आज 'घरी सगळं नीट होईल' असं जे वाटतंय त्यात तुझी इच्छा आहे, त्या रात्रीचा सल आहे, पुन्हा त्या खोलीत पाय ठेवायचा नाही हा निर्धार आहे. हे सगळं मोलाचं आहे आणि जागा ठरवताना ते धरायलाच हवं. मात्र दोन महिन्यांनी काय होणार हे अंगाला ठाऊक नसतं. माझा इतक्या वर्षांचा अनुभव सांगते: गरोदर बाईच्या मनात शंकेची पाल चुकचुकली तर ती ऐकावी, लगेच ऐकावी. 'सगळं ठीक होणार' असं मन म्हणतं तेव्हा मात्र त्याला पुरावा मागावा. रक्तात लोह किती, रक्तदाब किती, वार कुठे चिकटलीय, यातलं काहीच मनाला दिसत नाही.

म्हणून मी अडले ते तुझ्या एका ओळीवर. 'रक्त जरा जास्त गेलं.' जरा म्हणजे किती? बाळंतपणात थोडं रक्त प्रत्येकीचं जातं. ५०० मिलिलिटरच्या वर गेलं की त्याला अतिरक्तस्राव म्हणतात, आणि लिटरच्या वर गेलं की सगळी टीम धावत येते. दुसरी गोष्ट, इंजेक्शन कुठलं? बाळ झाल्याबरोबर मांडीत दिलं जाणारं इंजेक्शन इथे बहुतेक जणींना देतात, त्यात विशेष काही नाही. पण त्यानंतर जे सलाइन लावलं त्यात गर्भाशय आवळून धरणारं औषध होतं का? ते रक्त थांबत नव्हतं म्हणून लावलं होतं का? या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर तुझं जवळपास सगळं ठरणार आहे. इंग्लंडमधली नाइस ही संस्था वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वं ठरवते. आधीच्या बाळंतपणात रक्तस्राव थांबवायला जादा उपचार लागले असतील, तर पुढच्या वेळी लेबर वॉर्डच, म्हणजे हॉस्पिटलातला डॉक्टर असलेला बाळंतपणाचा विभागच सुचवावा, असं तिच्या यादीत आहे.

त्याचं कारण साधं आहे. दिवस भरत आले की गर्भाशयातून मिनिटाला अर्धा लिटरहून जास्त रक्त वाहत असतं. वार सुटली की गर्भाशय आवळून तिथल्या रक्तवाहिन्यांची तोंडं बंद व्हावी लागतात. एरवी ते आपसूक होतं. नाही झालं तर हातात मिनिटं असतात.

तेव्हा पहिलं काम, २०२१ च्या नोंदी मिळव. तुझ्या कम्युनिटी मिडवाइफला सांग की मला मागच्या बाळंतपणाबद्दल बसून बोलायचंय. बऱ्याच हॉस्पिटलांत यासाठी वेगळी सोय असते. एक मिडवाइफ तुझी जुनी फाइल घेऊन बसते आणि कुठल्या वेळी काय झालं, कुणी काय लिहिलं, हे तुझ्यासोबत वाचते. ती सोय नसेल तर नोंदींची प्रत मागणं हा तुझा कायदेशीर हक्क आहे; अर्ज केल्यावर महिन्याभरात ती द्यावी लागते, पैसे पडत नाहीत. ३१ वा आठवडा आहे, म्हणून या आठवड्यातच अर्ज कर. नोंदी वाचताना रडू येईल, येऊ दे. नवऱ्याला सोबत ने. तू 'जोर येतोय' म्हणालीस हे त्या कागदावर आहे का, तेही बघ. नसेल तर तसं म्हण, आणि आजच्या तारखेने लिहून घ्यायला लाव. येत्या बाळंतपणात जी कुणी मिडवाइफ तुझी फाइल उघडेल, तिला पहिल्या पानावर दिसायला हवं: ही बाई झटपट बाळंत होते, ती सांगेल तेव्हा तिच्यावर विश्वास ठेवा.

दुसरं काम हिमोग्लोबिनचं. मिडवाइफ कचरतेय ती उगाच नाही. कळा सुरू होताना हिमोग्लोबिन ८५ च्या खाली असेल तर घर नको, आणि ८५ ते १०५ मध्ये असेल तर प्रत्येकीचा वेगळा विचार करावा, असं तीच नाइस सांगते. म्हणजे तू आत्ता मधल्या पट्ट्यात आहेस. ज्या बाईच्या अंगात रक्त पुरेसं आहे ती पाऊण लिटर गेलं तरी निभावून नेते. आधीच कमी असेल तर तेवढंच रक्त तिला आडवं करतं. गोळ्या सोडू नकोस. रोज सोसत नसेल तर एक दिवसाआड घेतलेली चालते, फक्त मिडवाइफला तसं सांग. सकाळी उपाशीपोटी, लिंबूपाण्याबरोबर घे. चहा त्यानंतर तासाभराने. आपल्याकडे गोळी चहाच्या घोटाबरोबरच पोटात जाते आणि मग ती असून नसून सारखीच. एका गोळीने पोट धरत असेल तर दुसरी लिहून मिळते. दोन-तीन आठवड्यांनी रक्त पुन्हा तपास. तरी वाढलं नाही तर शिरेतून लोह देता येतं, ते तू होऊन विचार. अळीव, खजूर, पालेभाज्या खाच, पण नऊ आठवड्यांत एवढी तूट नुसत्या खाण्याने भरून निघणार नाही.

आता घराबद्दल. तुझी ओढ अगदीच हवेतली नाही, हे मला स्पष्ट सांगायचंय. इंग्लंडमध्ये या विषयावरचा मोठा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. जोखीम कमी असलेल्या ६४ हजारांहून अधिक बाळंतपणांचा त्यात मागोवा घेतला होता. पहिलटकरणींनी घर निवडलं तेव्हा बाळाला गंभीर इजा किंवा मृत्यू यांचं प्रमाण हजारी ९.३ होतं, लेबर वॉर्ड निवडणाऱ्यांत ५.३. पण ज्यांचं आधी एक तरी बाळंतपण झालं होतं, त्यांच्यात घर आणि हॉस्पिटल यांत बाळाच्या दृष्टीने लक्षणीय फरक दिसला नाही. उलट घर निवडणाऱ्या अशा बायकांत सिझेरियन हजारी ७ च्या आसपास, तर लेबर वॉर्ड निवडणाऱ्यांत ३५. टाके, रक्त चढवणं, हेही कमी. घरून निघून हॉस्पिटलला जावं लागलेल्या पहिलटकरणी शंभरात ४५ होत्या, दुसरटकरणी १२. लक्षात ठेव, या सगळ्या जोखीम कमी असलेल्या बायका होत्या. तू त्यांच्यात मोडतेस की नाही हे मागच्या रक्तस्रावाचा आकडा सांगणार.

आणखी एक गोष्ट घराच्या बाजूने जाते. चार सेंटिमीटरपासून पाऊण तासात तू मोकळी झालीस, तेही पहिल्या वेळी. दुसरं याहून लवकर होऊ शकतं. हॉस्पिटल गाठायच्या नादात मोटरवेवर गाडीत बाळ होण्यापेक्षा मिडवाइफ तुझ्या दारात आलेली बरी. टीमशी बोलताना हा मुद्दा ठासून मांड.

घरची तयारी म्हणजे नेमकं काय, ते ग्रुपवरच्या व्हिडिओंत दिसत नाही म्हणून सांगते. पहिली मिडवाइफ कळा सुरू झाल्यावर येते, दुसरी बाळ व्हायच्या सुमारास. दोघींच्या मिळून चार-पाच जड बॅगा असतात. गॅस-अँड-एअरची (कळा सोसायला हुंगायच्या वायूची) नळकांडी, गर्भाशय आवळायचं इंजेक्शन, टाक्यांचं सामान, बाळाच्या तोंडावर धरायचा मास्क आणि फुगा. बाईच्या घरात शिरल्यावर मी सगळ्यात आधी एक कठीण सपाट जागा शोधायचे, इस्त्रीचं टेबल किंवा ड्रॉवरचं कपाट, तिथे टॉवेल अंथरून, दिवा वळवून, बाळाला श्वास द्यायची वेळ आली तर लागणारं सगळं मांडून ठेवायचे. बहुतेक वेळा ते तसंच परत बॅगेत जायचं. मग जिना बघायचे. इथल्या जुन्या घरांचे जिने अरुंद आणि वळणाचे. बाईला स्ट्रेचरवरून खाली न्यायचं तर कुठून नेणार? तुझी झोपायची खोली वर असेल तर खालच्या बैठकीच्या खोलीत गादी टाक. मग दर पंधरा मिनिटांनी, एक कळ ओसरल्यावर, मिनिटभर बाळाचे ठोके ऐकायचे; जोर सुरू झाला की दर पाच मिनिटांनी. बाई भिंतीला टेकून उभी असो, पाण्यात बसलेली असो, तिला न हलवता मी खाली वाकायचे. घरच्या बाळंतपणात बाई मोकळी असते ती अशी, तिच्या आजूबाजूला दोन जणी सतत डोळ्यांत तेल घालून बसलेल्या असतात म्हणून.

आणि हॉस्पिटल वीस मिनिटांवर म्हणजे मदत वीस मिनिटांवर नव्हे. रुग्णवाहिका यायची, तुला जिन्यावरून उतरवायचं, गाडी निघायची, तिथे पोचून कुणीतरी हातात घ्यायचं. हा सगळा वेळ धरून चाल. कर्मचारी कमी पडले तर त्या रात्री घरी यायची सेवा बंदही ठेवतात, तेव्हा हॉस्पिटलची बॅग भरलेली असूच दे.

ग्रुपवर जे सांगतात, मिडवाइफशिवाय करायचं, ते करू नकोस. या देशात बाईने एकटीने बाळंत होणं गुन्हा नाही हे खरं. पण तुझ्या बाबतीत आधीचा रक्तस्राव, कमी हिमोग्लोबिन आणि झपाट्याने होणारं बाळंतपण हे तिन्ही एकत्र आहेत. रक्त जाऊ लागलं तर तुझा नवरा काय करणार? त्याच्याजवळ इंजेक्शन नाही, गर्भाशय पोटावरून कसं चोळायचं ते ठाऊक नाही, बाळ निळं पडलं तर मास्क नाही. शरीराला सगळं कळतं म्हणणाऱ्या त्या बायका त्या वेळी तुझ्या घरात नसतील. कळत असतंही पुष्कळ, पण कळलेलं सांगितल्यावर काहीतरी करणारं माणूस शेजारी लागतं. २०२१ साली तुला तेच मिळालं नाही. टीमने नाही म्हटलं तर कन्सल्टंट मिडवाइफची वेळ माग. साध्या चौकटीत न बसणाऱ्या बायकांचा बेत त्यांच्यासोबत बसून आखणं हे तिचं कामच आहे.

तू सरळ विचारलंस म्हणून माझं मत सरळ देते. नोंदींत रक्तस्राव ५०० च्या आसपास निघाला, जादा औषध लागलं नव्हतं असं दिसलं, आणि ३६ व्या आठवड्यापर्यंत हिमोग्लोबिन १०५ च्या वर गेलं, तर घर निवड, मी तुझ्या बाजूने आहे. लिटरभर गेलं होतं किंवा औषधाचं सलाइन लागलं होतं, तर मी तुला लेबर वॉर्डच सांगेन. तसं झालं तर तुझं मन हरलं असं समजू नकोस. तुझ्या मनाला काय हवंय ते मला पत्रात दिसतंय: नवरा हलणार नाही, खोली अंधारी असेल, मला कुणी पाठीवर झोपवणार नाही, मी बोलले की लगेच तपासतील. यातलं प्रत्येक लेबर वॉर्डमध्ये मागता येतं, लिहून घेता येतं. कळांमध्ये एक माणूस शेवटपर्यंत जवळ असलं तर कळांचा काळ कमी होतो आणि सिझेरियनही कमी होतात, हे १५ हजारांहून अधिक बायकांवरच्या अभ्यासांतून दिसलंय. ते माणूस नवरा असेल, मैत्रीण असेल, पैसे देऊन ठेवलेली डूला, म्हणजे कळांमध्ये सोबत करणारी बाई असेल. त्यात काटकसर करू नकोस.

आई. तिच्या रडण्याला अडाणीपणा म्हणू नकोस, म्हणत असशील तर. तिने बहीण गमावलीय, आणि बहुधा त्या घरात तेव्हा कुणीच तिला काय झालं ते नीट सांगितलं नसेल. तिला विचार. वार पडली नव्हती का, रक्त गेलं होतं का, ताप होता का? मावशीला रक्तस्राव झाला असेल म्हणून तुलाही होईल असं नाही, पण हे तुझ्या मिडवाइफच्या कानावर असू दे. आई ३६ व्या आठवड्यापर्यंत येणार असेल तर मिडवाइफच्या भेटीला तिला शेजारी बसव, तू मराठीत सांग. मिडवाइफला तिची बॅग उघडून दाखवायला सांग. आईच्या मनातलं बाळंतपण म्हणजे कंदील, मावशीचं ओरडणं आणि तालुक्याला नेणारी गाडी न मिळणं. मास्क, इंजेक्शन आणि दोन शिकलेल्या बायका दिसल्या की ती पुष्कळ शांत होईल. तरी नाहीच झाली, तर त्या दिवशी थोरलीला घेऊन तिला एखाद्या मैत्रिणीकडे जाऊ दे. घाबरलेलं माणूस खोलीत असलं की कळा मंदावतात, हे मी पाहिलंय.

आता तुझ्या आतल्या आवाजाला मी खरंच कुठे कामाला लावेन ते सांगते, कारण पुढच्या नऊ आठवड्यांत त्याची गरज पडू शकते. बाळ रोजच्यासारखं हलत नाहीये असं वाटलं तर गोड खाऊन, डाव्या कुशीवर पडून सकाळची वाट बघू नकोस. त्याच वेळी, रात्रीचे दोन वाजले असले तरी, फोन कर आणि जा. रात्री तळहात-तळपायांना खाज सुटली, पुरळ नसताना, तर खोबरेल चोळत बसू नकोस. गरोदरपणात यकृताचा एक त्रास होतो, तो आपल्या भारतीय वंशाच्या बायकांत इथल्या इतरांपेक्षा जास्त आढळतो, आणि तो फक्त रक्त तपासून कळतो. डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे काजवे चमकतायत, बरगड्यांखाली दुखतंय, तर तेही त्याच दिवशी. कारण सांगता येत नसेल आणि नुसतं 'काहीतरी बरं नाही' असं वाटत असेल, तरी फोन कर. आपल्या बायका इंग्रजीत फार नम्र होतात, 'त्रास देते, सॉरी' म्हणून सुरुवात करतात, आणि पलीकडच्या बाईला वाटतं फारसं काही नाही. इथे आशियाई वंशाच्या बायकांचे बाळंतपणातले मृत्यू गोऱ्या बायकांपेक्षा जास्त आहेत, हे इथलेच अहवाल वर्षानुवर्षं सांगतायत. तेव्हा सॉरी नको. 'मला काळजी वाटतेय, मला आजच तपासा,' एवढंच म्हण, आणि नाही म्हणाले तर पुन्हा तेच म्हण.

महाराष्ट्रातून हे वाचणाऱ्यांना दोन शब्द. हे उत्तर उचलून पुण्याला किंवा सांगलीला लावू नका. रेडिंगमध्ये नोंदणीकृत मिडवाइफ सरकार घरी पाठवतं, तिची फाइल हॉस्पिटलशी जोडलेली असते, आणि गडबड झाली तर लेबर वॉर्डला ती स्वतः फोन करते. आपल्याकडे अशी सलग साखळी अजून उभी नाही. मिडवाइफ घडवण्याचं धोरण केंद्राने २०१८ मध्ये जाहीर केलं, पण ते सगळीकडे पोचायचंय. महाराष्ट्रात जवळपास ९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात, आणि त्यामुळे पुष्कळ जीव वाचले. तिथे तुमच्या मनाचा जोर लावायचा तो चांगलं हॉस्पिटल निवडण्यात आणि आत सोबतीण मागण्यात. सरकारी रुग्णालयांतही २०१६ पासून तशी परवानगी आहे.

शेवटी नवरा. ३६ व्या आठवड्यात बघू हे त्याचं म्हणणं मला पटत नाही. नोंदी यायला महिना, लोह चढायला तीन आठवडे. तेव्हा बघायला बसलात तर निवडायला काही उरणार नाही. पुढच्या भेटीला त्याने रजा टाकून यावं. त्या रात्री त्याला घरी पाठवलं, त्यालाही काही सलत असेल, ते अजून तुम्ही दोघं बोलला नसाल असं पत्रावरून वाटतं. नोंदी वाचायला दोघं मिळून बसा. आणि रक्ताचा आकडा हाती आला की मला परत लिही, हिमोग्लोबिनचा नवा रिपोर्टही सोबत पाठव.